घर, गिरणी, पत्रा यांतून शिल्प घडवताना या चुका टाळा

सोलापुरात नवखा शिल्पकार बहुतेक वेळा गिरणीची चिमणी करायला घेतो. दोन फुटांची सिमेंटची चिमणी उभी राहते, ओळखूही येते, आणि विषय तिथेच संपतो. इमारतीची छोटी प्रतिकृती करणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. त्यापेक्षा पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तासभर उभं राहा. वाशाखाली सरकवलेला विटेचा तुकडा, हादऱ्यांनी भिंतीला गेलेली तिरकी भेग, शहाबादी फरशीवर पायांनी झिजून गुळगुळीत झालेली वाट बघा. काय कशावर टेकलंय, कोण कुणाचं ओझं पेलतंय, हे आधी कागदावर काढा. शिल्प त्या टेकण्यात असतं.

रिकामी जागाही साचाच असते. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी १९९३ साली लंडनमध्ये एका अख्ख्या घराच्या आतली पोकळी काँक्रीटमध्ये उतरवली. जानेवारी १९९४ मध्ये ते काम पाडलं गेलं. आपल्याला कोनाडा किंवा जिन्याखालची जागा पुरते. मात्र साच्याला तेल लावायला विसरू नका, आणि कड आत वळत असेल तर साचा तुकड्यांत करा, नाहीतर ओतलेलं बाहेर निघणार नाही. वजनही आधी मोजा: भरीव काँक्रीट घनफुटाला साधारण ६८ किलो भरतं. आत पोकळी ठेवा.

माझं पहिलं मोठं काम मे महिन्यात गेलं. दुपारी ओतलं, उघड्यावर ठेवलं, संध्याकाळपर्यंत अंगभर बारीक तडे. इथल्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात सिमेंट घट्ट व्हायच्या आधीच पाणी उडतं. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर ओता. वर ओलं बारदान टाका आणि निदान सात दिवस ते सुकू देऊ नका. आतल्या सळईवर २० मिलिमीटर तरी काँक्रीट हवं. सळई गंजली की फुगते आणि वरचा थर फोडते. दोन मीटरची उघडी सळई ४० अंशांच्या फरकाने जवळपास एक मिलिमीटर लांबते, म्हणून तिला दोन्ही टोकांना घट्ट बांधू नका.

शहाबादी फरशीवरचे सिमेंटचे डाग ॲसिडने धुऊ नका. तो चुनखडक आहे, पृष्ठभाग खाल्ला जातो. प्लास्टर ऑफ पॅरिसचं काम पावसात ठेवू नका.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो कापू नका, घासू नका, फोडूही नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याला वेल्डिंग करायचं तर जोडाजवळचं जस्त आधी काढा आणि काम मोकळ्या हवेत करा. त्या धुराने ताप भरतो.

भंगारातून आणलेल्या मागाच्या फणीवर, धोट्यावर तेल मुरलेलं असतं, त्यावर ना रंग धरत ना चिकटवण. जोडाची जागा तेवढी साबणाने धुऊन कोरडी करा. बाकी घासू नका. धोट्यावरची ती चकाकी विणकराच्या हाताची आहे.