सिंगापूरमध्ये कंपनी काढताय? २०२५ नंतर काय बदललं आणि कुठून सुरुवात करायची

सिंगापूरला कंपनी एका दिवसात निघते असं सगळेच सांगतात आणि ते खोटंही नाहीये, नावाचे १५ आणि नोंदणीचे ३०० सिंगापूर डॉलर (पुढेही नुसतं डॉलर म्हटलं की सिंगापूरचाच) भरले की अक्रा, म्हणजे तिकडचं कंपनी रजिस्ट्रार ऑफिस, पटकन पास करतं, भांडवल १ डॉलर असलं तरी चालतं. पण ९ जून २०२५ पासून कॉर्पोरेट सर्व्हिस प्रोव्हायडर्स कायदा (दुसऱ्यांच्या कंपन्या काढून देणाऱ्या एजंटांसाठीचा) लागू झालाय आणि त्या एका दिवसाच्या आधीचं काम वाढलंय. कंपनी काढणं सोपंच राहिलंय, खरा मालक कोण हे दाखवायला आता घाम गाळावा लागतो.

हे सगळं अचानक आलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या पोलिसांनी धाडी टाकून १० परदेशी लोकांना मनी लाँडरिंगमध्ये पकडलं, जप्तीचा आकडा पुढे ३ अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि कागदावर एक, मागे दुसराच असल्या कंपन्यांकडे सरकारचं लक्ष गेलं.

तर सुरुवात सिंगापूरपासून करायचीच नाही, आपल्या भारतातल्या बँकेपासून करायची. गुंतवणूक तुमच्या स्वतःच्या नावाने असेल तर एलआरएसमधून, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंतच जातं, आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते (रिटर्नमध्ये सेट ऑफ मिळतो, पण तोवर पैसे अडकतातच). तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने असेल तरी ऑगस्ट २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटचे नियम लागतात, म्हणजे बँकेतून फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म), मग यूआयएन नंबर (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक), मग पैसे. इथे लोक काय करतात, तिकडचा एजंट म्हणतो पहिला १ डॉलर मी भरतो नंतर बघू, आणि आपण हो म्हणतो. नका म्हणू. तो शेअर आला कुठून हे आपली बँक पुढे विचारते तेव्हा १ डॉलरसाठी दहा पत्रं लिहावी लागतात. आणखी एक, वैयक्तिक नावाने गुंतवणूक करून कंपनीचा कंट्रोल तुमच्याकडे असेल तर त्या कंपनीखाली उपकंपनी काढता येत नाही, तसा प्लॅन असेल तर रचना आधीच बदला.

मग एजंट. परदेशी माणसाकडे सिंगपास (तिकडचं सरकारी डिजिटल ओळखपत्र) नसतो त्यामुळे फायलिंग नोंदणीकृत सर्व्हिस प्रोव्हायडरकडूनच करावं लागतं. त्याचं नाव अक्राच्या साइटवर शोधून बघा, नसेल तर विषय तिथेच संपला. मनी लाँडरिंगचे नियम मोडले तर त्याला १ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे तो खोदून खोदून विचारणार, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट हातात धरून व्हिडिओ कॉल, पैसा कुठून आला त्याचे बँक स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न. "एवढं कशाला लागतं?" म्हणून चिडू नका. जो काहीच विचारत नाही त्याचीच भीती बाळगा.

आता मुख्य भानगड, डायरेक्टर. किमान एक डायरेक्टर सिंगापूरमध्ये राहणारा हवाच. तुम्ही स्वतः एम्प्लॉयमेंट पासवर (तिकडच्या नोकरीच्या परवान्यावर) जाणार असाल तर २०२५ पासून पगार महिना किमान ५६०० डॉलर (वय वाढलं की जास्त, फायनान्समध्ये ६२०० पासून) आणि वर कंपास या गुणपद्धतीचे ४० पॉइंट, आणि हा पास कंपनी निघाल्यावरच मागता येतो. म्हणून बहुतेक लोक नॉमिनी डायरेक्टर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून नावाला बसणारा, घेतात. ते आजही कायदेशीर आहे, पण धंदा म्हणून नॉमिनी व्हायचं असेल तर नोंदणीकृत प्रोव्हायडरमार्फतच, आणि हा माणूस लायक आहे की नाही हे प्रोव्हायडरने तपासायचं. तो नॉमिनी आहे हे अक्राला कळवावं लागतं आणि ते सगळ्यांना दिसतं, कोणासाठी बसलाय हे मात्र पब्लिकला दिसत नाही. तिकडे पीआर (कायम राहायचा परवाना) असलेला मावसभाऊ फुकटात बसायला तयार असेल तर त्याला बंदी नाही, पण तुमच्या सांगण्यावरून सही करत असेल तर तोही नॉमिनीच, नोंद त्याचीही होणार, आणि डायरेक्टर म्हणून जबाबदारी त्याच्या गळ्यात. त्याला हे आधी नीट सांगा, नंतर दिवाळीला तोंड दाखवायचंय.

खऱ्या मालकांचं रजिस्टर आता कंपनी निघाली त्या दिवसापासून हवं, आधी ३० दिवस मिळायचे. समजा पुण्यातले दोन पार्टनर ७०-३०, तर २५ टक्क्यांच्या वर असल्यामुळे दोघांची नावं येणार. ८०-२० असेल तर शेअरच्या हिशोबाने एकच, पण त्या २० वाल्याला बोर्डावरचे बहुसंख्य डायरेक्टर नेमायचा हक्क दिला असेल तर तोही आला. चुकलं तर दंड पूर्वी ५ हजार डॉलरपर्यंत होता, तो २५ हजारांपर्यंत नेलाय.

जीएसटी ९ टक्के, सक्ती १० लाख डॉलर उलाढालीच्या वर. स्वतःहून नोंदणी करणार असाल तर (नव्या कंपनीला १ नोव्हेंबर २०२५ पासून, बाकीच्यांना १ एप्रिल २०२६ पासून) इनव्हॉइसनाऊ या तिकडच्या ई-बिलांच्या नेटवर्कवरून बिलांचा डेटा पाठवावा लागतो, तेव्हा गरज नसेल तर उगाच नोंदणी करू नका.

कंपनी सेक्रेटरी ६ महिन्यांत नेमायचा. वर्ष ३१ मार्चला संपवा, आपल्याकडच्या हिशोबाला बरं पडतं, मग एजीएम (भागधारकांची वार्षिक सभा) सप्टेंबर अखेर आणि ॲन्युअल रिटर्न ऑक्टोबर अखेर. भारतात रिझर्व्ह बँकेसाठी १५ जुलैपर्यंत एफएलए (परदेशी देणी-मालमत्तेचं रिटर्न) आणि ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल). आणि इथे एक गोची आहे जी कोणी आधी सांगत नाही, छोट्या कंपनीला सिंगापूरमध्ये ऑडिट माफ आहे, पण कंट्रोल तुमच्याकडे असेल तर आपल्या एपीआरला ऑडिटेड हिशोब लागतात. म्हणून एजंटकडून कोटेशन घेताना ऑडिटची फी त्यात धरायला लावा, नॉमिनीची वर्षाची फी आणि डिपॉझिट वेगळं लिहून घ्या, आणि मगच सही करा.