ध्रुवाजवळचा बर्फ आणि आपली सोयाबीनची सोंगणी

पोळा झाला की सोयाबीनवाल्याचं निम्मं लक्ष शिवारात आणि निम्मं आभाळात असतं. शेंगा भरतात, पानं पिवळी पडायला लागतात आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस दोन दिवस ओतून जातो. विदर्भ-मराठवाड्यात हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. उशिराच्या या अतिवृष्टीचा एक धागा थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत जातो, असं आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांचं संशोधन सांगतं. ते नीट समजून घेतलं तर सप्टेंबरची तयारी ऑगस्टातच उरकता येते.

राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र चालतं, आणि २०१४ मध्ये तिथल्या खाडीत पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही मोजणी यंत्रणा बसवली गेली. गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या कामाचा आहे. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ नेहमीपेक्षा जास्त वितळला, की उघडं पडलेलं गडद पाणी ऊन शोषतं आणि ती उष्णता वरच्या हवेला देतं. त्यामुळे वाऱ्यांची घडी विस्कटते, वायव्य युरोपावर जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि तिथून निघालेली लाट उंचावरच्या वाऱ्यांतून आशियापर्यंत पोचते. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पाला तोटा नसतो. मग सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीला पोषक हवामान बनतं.

शास्त्रज्ञांनी स्वतः याला ‘संभाव्य’ संबंध म्हटलंय, हे विसरू नका. पावसावर इतरही गोष्टींचा परिणाम होतो: एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं) आहे, हिंद महासागर आहे, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आहेत. एकट्या बर्फावर भिस्त ठेवून चालत नाही. दूरच्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधणं तसं जुनंच आहे. १९८८ मध्ये शास्त्रज्ञ वसंतराव गोवारीकरांच्या पुढाकाराने आलेल्या, मान्सूनच्या अंदाजाच्या सोळा घटकांच्या प्रारूपात हिमालयातला आणि युरेशियातला बर्फही होता. २००२ चा दुष्काळ त्याला हेरता आला नाही आणि हवामान खात्याने पुढच्या वर्षी पद्धत बदलली. पण १९७९ नंतरच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय. म्हणजे हा घटक एखाद्या वर्षापुरता नाही. माझं मत विचाराल तर या संशोधनाचा उपयोग तारीख ठरवायला करू नये, तयारी किती ठेवायची ते ठरवायला करावा.

तयारीची सुरुवात पाणी काढून देण्यापासून. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी आलं. काळ्या जमिनीत ते मुरत नाही, उभं राहतं. ज्यांनी पेरणी रुंद वरंबा सरीवर (रुंद गादीवाफा आणि दोन्ही बाजूंना सरी) केली किंवा डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडल्या, त्यांचं निम्मं काम झालंय. बाकीच्यांनी आता उभ्या पिकात औतं घालू नयेत. उताराच्या बाजूचा बांध बघावा, पाणी तुंबतं तिथं फावड्याने चर काढून वाट मोकळी करावी. शेजाऱ्याच्या वावरात पाणी जाणार असेल तर आधी बोलून घ्या, पाऊस चालू असताना ते बोलणं भांडणावर जातं.

सोयाबीनच्या साधारण ९० ते ९५ टक्के शेंगांचा रंग बदलला की सोंगणीला लागा. सगळ्या शेंगा वाळायची वाट पाहिली तर ऊन पडलं तरी शेंगा तडकतात, आणि झड लागली तर दाण्याला शेंगेतच कोंब फुटतात. मजुरांची टोळी आणि मळणीयंत्र यांचं आधीच ठरवून ठेवा. सगळ्या गावाचं सोयाबीन एकाच आठवड्यात येतं तेव्हा यंत्रवाल्याच्या मागे फिरण्यात दोन कोरडे दिवस हातचे जातात.

कापलेलं पीक लगेच मळता येत नसेल तर गंजी उंचवट्यावर लावा. खाली काट्याकुट्या किंवा वाळलेल्या पऱ्हाट्यांचा थर द्या, मग ताडपत्री. ओल्या पेंड्या तशाच रचून झाकल्या तर गंजी आतून तापते. हात घातला की वाफ लागते आणि खालच्या शेंगांवर पांढरी बुरशी दिसते. पाऊस उघडला की ताडपत्री काढून हवा लागू द्या. काही ठिकाणी सोयाबीन पावसाने नाही, तर ताडपत्रीखालीच जातं.

घरचं बियाणं ठेवणाऱ्यांनी जास्त जपावं. सप्टेंबरात भिजलेल्या दाण्याची उगवण पुढच्या जूनमध्ये दगा देते. म्हणून बियाण्याचा पट्टा आत्ताच ठरवा, तो उंच, निचऱ्याच्या जागी असावा आणि त्याची सोंगणी पहिली करा. मळताना यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपास ठेवा, नाहीतर टरफल फुटतं. साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून बघा. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं म्हणून वापरू नका.

कपाशीत पाणी साचून नंतर कडक ऊन पडलं की झाडं अचानक माना टाकतात. हा आकस्मिक मर. आधी पाणी काढा, मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून बुंध्याशी आळवणी करा, म्हणजे ते द्रावण मुळाशी ओता. झाड सुकल्यावर जितक्या लवकर कराल तितकं बरं. तुरीलाही उभं पाणी सोसत नाही.

तारीख मात्र हवामान खात्याच्या अंदाजावरूनच ठरवा. सप्टेंबरचा मासिक अंदाज ऑगस्टअखेर येतो. पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी निघतो, त्यावरून टोळी आणि यंत्र ठरवायचं. जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतं. सोंगायचं की थांबायचं ते त्यावरून बघा. इशाऱ्यात ‘जोरदार’ म्हटलं तर चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक, आणि ‘अति जोरदार’ म्हटलं तर ११५.६ च्या पुढे, एवढं लक्षात असू द्या. ‘ध्रुवावरचा बर्फ वितळला, आता महाप्रलय’ असले संदेश दर वर्षी मोबाईलवर फिरतात. पुढे पाठवण्याआधी त्यात कुठल्या भागाबद्दल, किती दिवसांचा आणि कुणी दिलेला अंदाज आहे ते शोधा. तिन्हीपैकी एकही सापडलं नाही तर तो संदेश तिथंच थांबवा.

उशिराचा पाऊस रब्बीला ओल देऊन जातो, हेही खरं. पण वाफसा (जमिनीत मशागतीजोगी बेताची ओल) येण्याआधी ट्रॅक्टर घातला तर काळ्या जमिनीची ढेकळं होतात आणि हरभऱ्याची उगवण विरळ होते. ज्वारीला उशीर झाला असेल तर त्या वावरात हरभराच धरा, आणि पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळायला विसरू नका; ओल्या जमिनीत मर रोग लवकर धरतो.