एसपीएफ पास, तरी बिलं गायब

एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत न बसलेल्या मेलचं काय करायचं तो नियम) हे तीन रेकॉर्ड डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, टाकायचे असतात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी लिहितेय ते आमची बिलं कुठे गेली त्याबद्दल.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५००० मेल जात असतील तर तिन्ही रेकॉर्ड हवेतच. आमचे मेल त्या आकड्याच्या आसपासही नव्हते, पण साहेबांनी कुठेतरी वाचलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. नोकरीला चार महिने झाले होते. सिनियर म्हणाले, "डीमार्कला सरळ रिजेक्ट लाव, अर्धवट कशाला?" रिजेक्ट म्हणजे नापास मेल समोरच्याने घ्यायचाच नाही. लावलं. स्वतःलाच एक मेल पाठवून जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं. तिन्ही पास. खुशीत घरी गेले.

दहा दिवसांनी अकाउंट्सच्या ताई टेबलाशी आल्या. "अगं, निम्म्या पार्ट्यांना बिल पोचलंच नाही म्हणतात. पेमेंट कुठल्या तोंडाने मागू?"

बिलं आमच्या सर्व्हरवरून जातच नव्हती. ती बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांच्या सर्व्हरवरून जायची, प्रेषक म्हणून फक्त आमचा पत्ता. मी लगेच त्यांचा इन्क्लूड, म्हणजे 'यांचे सर्व्हरही आमचेच समजा' अशी नोंद, आमच्या एसपीएफमध्ये घातला. दोन दिवस थांबले. फरक शून्य.

आता हे दोनदा वाचा. मेलला दोन प्रेषक असतात, एक पाकिटावरचा आणि एक आतल्या लेटरहेडवरचा. लेटरहेड म्हणजे 'फ्रॉम', जे माणसाला दिसतं. पाकिटावरचा पत्ता हेडरमध्ये 'रिटर्न-पाथ' म्हणून सापडतो. एसपीएफ फक्त पाकीट बघतं. बिलिंगवाले पाकिटावर स्वतःचं डोमेन घालत होते, त्यामुळे एसपीएफ त्यांच्या डोमेनचं तपासलं गेलं आणि पासही झालं. आमचा रेकॉर्ड कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. मी घातलेला इन्क्लूड नुसता शोभेचा! डीमार्कचा प्रश्न वेगळाच असतो: जे डोमेन पास झालं, तेच लेटरहेडवर आहे का? सबडोमेन असेल तर सहसा चालतं, परकं चालत नाही. डीकिमची सहीसुद्धा त्यांच्याच नावाची होती. दोन्हीकडे नाही, म्हणून रिजेक्ट.

आणि परत आलेला मेल जातो पाकिटावरच्या पत्त्यावर. म्हणजे सगळे बाउन्स बिलिंगवाल्यांकडे साठत होते आणि आमचा इनबॉक्स शांत. म्हणूनच दहा दिवस कळलं नाही.

उपाय वीस मिनिटांचा निघाला. त्यांच्या सेटिंगमध्ये स्वतःचं डोमेन जोडायची सोय होती. त्यांनी दिलेले सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) डीएनएसमध्ये टाकले, एक रिटर्न-पाथसाठी, बाकीचे डीकिमसाठी. डीमार्कला दोन्हींपैकी एक जुळलं तरी पुरतं. पण डीकिम जुळवाच. मेल कुणी पुढे फॉरवर्ड केला की एसपीएफ बहुधा तुटतं. मजकुराला हात लागला नाही तर सही टिकते.

डीमार्क आधी 'पी=नन' वर ठेवा, म्हणजे काही अडवू नका, नुसतं बघा; 'आरयूए' मध्ये पत्ता देऊन रिपोर्ट मागवा, आणि पूर्ण महिना जाऊ द्या. आठवडा पुरत नाही, कारण पगाराच्या स्लिपा महिन्यातून एकदाच जातात. रिपोर्ट एक्सएमएल फाइलमध्ये येतात, ते बघून घाबरू नका. कोणत्या आयपीवरून किती मेल गेले आणि काय जुळलं, एवढंच वाचायचं. दोन दिवसांत डोळा बसतो, माझा बसला.

किरकोळ गोष्टी: एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच, दोन झाले की दोन्ही बाद. एसपीएफ तपासताना कराव्या लागणाऱ्या डीएनएस लुकअपची (चौकश्यांची) मर्यादा १०, आणि इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही त्यात धरले जातात. डीएनएसची काही पॅनल रेकॉर्डच्या नावाच्या शेवटी डोमेन आपणहून जोडतात, तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत तर ते दोनदा लागतं.

रेकॉर्ड बनवून देणाऱ्या साइटवर माझा काडीचा विश्वास नाही. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं हे तिला कुठून माहीत असणार? ते अकाउंट्सला, एचआरला, मार्केटिंगला माहीत असतं. टेबलाटेबलाशी जाऊन विचारा. "सरळ रिजेक्ट लाव" म्हणणाऱ्या सिनियरलाही विचारा, पण सगळ्यात शेवटी.

एवढं विचारूनही आमच्या रिपोर्टात एक अनोळखी आयपी येतच राहिला, दिवसाला सात-आठ मेल. शेवटी सापडला: तिसऱ्या मजल्यावरचं झेरॉक्स मशीन. स्कॅन केलेले कागद ते आमच्याच नावाने थेट बाहेर पाठवत होतं.