हाडांसाठीचं थर्मोजेल, तेही सांगलीच्या उन्हाळ्यात

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ज्या पोरांनी हे उबेने घट्ट होणारं जेल घेतलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी एप्रिलात पहिली बॅच केली आणि सिरिंजमध्ये भरायच्या आधी जेल बीकरमध्येच बसलं, दोन दिवस मला वाटत होतं केमिकल खराब आहे, मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं तर लॅबमध्येच ३८!

या जेलची सगळी हुशारी तीच आहे ना, गार असताना पातळ आणि ३७ डिग्रीला घट्ट. म्हणजे हाडात वेडीवाकडी पोकळी असली तरी सुईने आत सोडता येईल, अंगाच्या उबेने ते तिथंच बसेल आणि हाड तयार करणाऱ्या पेशींना धरायला आधार मिळेल, अशी आयडिया. माणसात घालायचा विषय नाही, आपण फक्त लॅबपुरतं बोलतोय.

कायटोसॅन घ्या, कोळंबीच्या टरफलापासून बनतं ते, बाटलीवर डीॲसिटिलेशन (टरफलातल्या कायटिनचे ॲसिटिल गट किती काढलेत ते प्रमाण) ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर बघून घ्या. २०० मिलीग्रॅम, ९ मिली ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये. सगळं एकदम ओतलं की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, म्हणून स्टिरर चालू ठेवून भुरभुरत टाका आणि रात्रभर फिरू द्या. सकाळी गाळून घ्या.

आता बर्फ. आमच्या फ्रीजच्या बर्फाचा काही भरवसा नाही, मी सरळ रसवंतीवाल्याकडनं दहा रुपयांचा आणला. कायटोसॅनचा बीकर बर्फात, आणि ५६० मिलीग्रॅम बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (ॲसिड उतरवून उबेला जेल बसवणारं मीठ) १ मिली गार पाण्यात विरघळवून तेही बर्फात. मग थेंब थेंब सोडा, घाई केली की जिथं थेंब पडतो तिथंच पांढरे तंतू दिसायला लागतात. पीएच ७ च्या थोडा वर आला की थांबा. लवकर घट्ट व्हावं म्हणून ग्लिसरोफॉस्फेट वाढवायचा मोह होतो, पण मीठ जास्त झालं की पेशी आकसून मरतात, मग जेल बसून उपयोग काय.

आत होतं काय तर, गार असताना कायटोसॅनच्या साखळ्यांभोवती पाणी धरून असतं, ऊब मिळाली की ते सुटतं आणि साखळ्या एकमेकींना चिकटतात.

नॅनो हायड्रॉक्सीअपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटची अतिबारीक पूड) घालायचं असेल तर सगळ्यात शेवटी, कारण ॲसिडमध्ये ते विरघळायला लागतं, आणि हाडातलं खनिज साधारण तेच असल्यामुळे ते वाया घालवण्यात अर्थ नाही. कण पसरवायला सोनिकेटर (ध्वनिलहरींचं यंत्र) वापरला तर त्यातही बर्फ टाका, तो पाणी तापवतो हे मला तिसऱ्या बॅचला कळलं.

टेस्ट सोपी. टेस्ट ट्यूब ३७ च्या वॉटर बाथमध्ये ठेवा, मिनिटा-मिनिटाला उलटी करून बघा, वाहायचं थांबलं की वेळ लिहा. आणि त्या दिवसाचं लॅबचं तापमानही लिहा, नाहीतर व्हायवाला मार्च आणि मेच्या रीडिंगमधला फरक समजावता येत नाही. मांडीच्या हाडासारखा भार हे जेल एकटं पेलेल असं मात्र रिपोर्टमध्ये ठोकू नका, बोटाने दाबलं तरी फुटतं ते.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायला) सॅम्पल कोल्हापूरला पाठवणार असाल तर आधी फ्रीझ ड्राय करा, म्हणजे गोठवून सुकवा. मी ओलंच डबीत घालून एसटीने नेलं होतं, तिथल्या मॅडमनी झाकण उघडून बघितलं आणि तसंच परत लावलं.