सर्व्हिस अडली म्हणून एसईलिनक्स बंद करताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधी आमच्या इंदुरातल्या मंडळाचा छोटा सर्व्हर नव्या मशीनवर हलवायचा होता. दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं आणि वर्गणीदारांची यादी, एवढाच त्याचा संसार. काम भाच्याकडे होतं. रात्री दहाला लोकमान्यनगरातून त्याचा फोन आला, "मामा, परमिशन सगळ्या ७५५ आहेत, मालकही बरोबर आहे, तरी ४०३ येतंय. सेटएन्फोर्स ० मारलं तर लगेच चालतं. कॉन्फिगमध्ये डिसेबल्डच करून टाकू का?"

४०३ म्हणजे वेब सर्व्हरने पान द्यायला दिलेला नकार. अडवणारा एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा पहारेकरी, हे त्याने बरोबर शोधलं होतं; सेटएन्फोर्स ० ने त्याचा अटकाव तात्पुरता उठतो. पण पुढचं पाऊल टाकू नकोस म्हणून मी त्याला थांबवलं. एवढ्याच कारणासाठी कायमचे उघडे ठेवलेले सर्व्हर मी बरेच पाहिले आहेत.

नेहमीच्या परमिशनमध्ये फाइलचा मालक ठरवतो, कोणाला काय द्यायचं. एसईलिनक्समध्ये ते धोरण, म्हणजे नियमांचा संच, ठरवतं आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पाळून घेतो, रूट म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालणाऱ्या सर्व्हिसकडूनसुद्धा. त्यासाठी प्रत्येक फाइलला आणि चालू प्रोग्रामला एक लेबल असतं; प्रोग्रामच्या लेबलला डोमेन म्हणतात. जुन्या वाड्यात ओसरीवर कोणीही टेकतं, पण माजघरात घरचाच माणूस जातो. पाहुणा किती मोठा, याने त्यात फरक पडत नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने डिसेंबर २००० मध्ये हे काम खुलं केलं आणि पुढे २.६ कर्नलपासून ते मूळ लिनक्समध्ये आलं. वेब सर्व्हरमध्ये उद्या कोणी घुसलं, तरी त्याच्या हाती एचटीटीपीडी_टी या डोमेनला जेवढी मुभा आहे तेवढंच लागावं, यासाठी ही सगळी खटपट.

कर्नल आधी नेहमीची परमिशन बघतो, मग धोरण. दोन्हीकडून होकार लागतो. म्हणून धोरणाने अडवलेली फाइल ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, केल्याने सुटत नाही, उलट ती मशीनवरच्या बाकी सगळ्यांना मोकळी होते.

आख्खं एसईलिनक्स बंद करणं

एसईलिनक्स एन्फोर्सिंगमध्ये असलं की अडवतं; परमिसिव्ह आणि डिसेबल्ड यांत मोठा फरक आहे. परमिसिव्हमध्ये काही अडत नाही, पण नोंद होते आणि नव्या फाइलींना लेबल लागत राहतं. डिसेबल्डमध्ये लेबलच लागत नाही. सहा महिन्यांनी कोणी ते पुन्हा चालू केलं की निम्म्या सर्व्हिस आडव्या पडतात आणि दोष एसईलिनक्सला लागतो. परत चालू करायचंच असेल तर आधी परमिसिव्ह ठेवा, रूट डिरेक्टरीत (/) '.ऑटोरिलेबल' ही फाइल तयार करून रिबूट करा, म्हणजे सगळ्या फाइलींना लेबल नव्याने लागतात, नोंदी बघा आणि मगच एन्फोर्सिंगवर या. तपासापुरती एकाच सर्व्हिसला सूट हवी असेल तर 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए एचटीटीपीडी_टी' पुरे. काम झालं की '-डी' लावून ती सूट काढा.

एमव्ही आणि सीपी एकच समजणं

भाच्याची अडचण इथेच होती. त्याने झिप होम डिरेक्टरीत उघडली आणि फोल्डर एमव्हीने वेब सर्व्हरच्या जागी नेला. एमव्ही म्हणजे फाइल हलवणं, सीपी म्हणजे तिची प्रत काढणं. एमव्ही केलं की फाइल आपलं जुनं लेबल घेऊन जाते. साधं सीपी केलं तर नव्या जागेचं लेबल लागतं, पण 'सीपी -ए' पुन्हा जुनंच जपतं. लेबल दाखवणारं 'एलएस -झेड' केल्यावर सगळ्या पानांवर युजर_होम_टी, म्हणजे घरातल्या फाइलींचं लेबल, दिसलं. धोरणाप्रमाणे लेबल लावणारं 'रिस्टोअरकॉन -आरव्ही' चालवलं आणि अंक उघडले.

जुने अंक मात्र वेगळ्या डिस्कवर, /डेटा/अंक मध्ये होते. ही वाट धोरणाला माहीतच नाही, त्यामुळे तिथे रिस्टोअरकॉन काही करू शकत नाही. अशा वेळी बहुतेक जण लेबल हाताने बदलणारं सीएचकॉन वापरतात आणि काम होतंही. पण पुढे कधी रिलेबल झालं की ते पुसलं जातं. तोवर हा बदल कोणी केला होता, हे कोणाच्याच लक्षात नसतं. नियमच लिहून ठेवायचा:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी एचटीटीपीडी_सिस_कॉन्टेन्ट_टी '/डेटा/अंक(/.*)?'

आणि त्यानंतर रिस्टोअरकॉन. ही दुसरी पायरी फार जण विसरतात. सेमॅनेज फक्त नियम लिहितं, डिस्कवरच्या फाइलींना हात लावत नाही.

वेब सर्व्हरला लिहायची मुभा देणारं आरडब्ल्यू लेबल फक्त अपलोडच्या फोल्डरला द्या. कटकट नको म्हणून आख्ख्या साइटला ते दिलं, तर घुसलेल्या माणसाला तुमचीच पानं बदलायची सोय करून दिल्यासारखं होतं.

नोंद न वाचता ऑडिट-टू-अलाउ चालवणं

ऑडिट-टू-अलाउ हे नोंदीतल्या नकारांवरून परवानगीचे नियम, म्हणजे धोरणाचं मॉड्यूल, तयार करणारं हत्यार. ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण करणाऱ्याला वाटतं आपण नीट दुरुस्ती केली. आमच्या वरच्याच प्रकरणात हे हत्यार चालवलं असतं, तर एचटीटीपीडी_टी ला युजर_होम_टी वाचायची मुभा देणारं मॉड्यूल तयार झालं असतं. म्हणजे चूक एका फोल्डरच्या लेबलची आणि वेब सर्व्हरला धोरणाची परवानगी मात्र सगळ्यांच्या घरातल्या फाइलींची.

'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' करून अलीकडच्या नकाराची नोंद वाचा. मागणारा कोण हे एस-कॉन्टेक्स्ट सांगतं, मागितलेल्या वस्तूचं लेबल टी-कॉन्टेक्स्ट, आणि वस्तू फाइल आहे की सॉकेट हे टी-क्लास. मागणी योग्य वाटते पण लेबल विचित्र आहे, तर लेबल सुधारा. लेबल ठीक असेल तर बुलियन, म्हणजे धोरणातलं चालू-बंद करायचं बटण, शोधा. वर्गणीदारांची यादी दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये होती. तिथे एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी चालू केलं, 'सेटसेबूल' ला '-पी' लावून. '-पी' नसेल तर रिबूटनंतर बदल राहत नाही. शेवटचं 'डीबी' नसलेला बुलियनही चालला असता, पण तो बाहेर कुठल्याही पोर्टला जायची वाट मोकळी करतो. स्वतःचं मॉड्यूल सगळ्यांत शेवटी, आणि तेही त्याचे नियम लिहिलेली .टीई फाइल ओळ न् ओळ वाचून.

पोर्टचंही तसंच. दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं एसएसएच पोर्ट २२ वरून २२२२ वर न्यायचं असेल तर आधी सेमॅनेजने त्या पोर्टला एसएसएच_पोर्ट_टी द्या, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा. उलट क्रमाने केलंत आणि सर्व्हर दूर असेल, तर तुम्ही बाहेरच राहाल.

सर्व्हिस अडते पण लॉगमध्ये काहीच नाही, असंही होतं. धोरणातले डोन्ट-ऑडिट नियम काही नकार मुद्दाम नोंदवत नाहीत. 'सेमॉड्यूल -डीबी' ने ते नियम उचला, चूक पुन्हा घडवून बघा आणि '-बी' ने ते परत बसवा.

उबुंटूवर एसईलिनक्सऐवजी बहुधा ॲपआर्मर असतं. ते लेबल नाही, फाइलचा मार्ग बघतं. त्यामुळे एमव्हीची अडचण तिथे या रूपात येत नाही.

नकार येत नाही म्हणजे बंदोबस्त आहे, असं मानणं

आपण लिहिलेली स्क्रिप्ट होम डिरेक्टरीत ठेवून सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीला दिली, तर ती बहुधा २०३/एक्झेक म्हणून, म्हणजे चालवताच आली नाही या चुकीने, लगेच पडते. निदान चूक समोर तरी येते. तीच यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवली की बिन_टी लेबल लागतं आणि सर्व्हिस अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी मध्ये चालते. कधी नकार नाही, तक्रार नाही, आणि बंधनही नाही. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये नो-न्यू-प्रिव्हिलेजेस (नवे अधिकार मिळू न देणारी सेटिंग) लावलं असेल तर डोमेन बदलायलाही अडथळा येऊ शकतो. धोरणात त्याची वेगळी परवानगी लागते.

कोणता प्रोग्राम कोणत्या डोमेनमध्ये आहे हे दाखवणारं 'पीएस -ईझेड' चालवल्यावर मंडळाची बॅकअप सर्व्हिस अशीच मोकळी सापडली. भाच्याने 'सेपॉलिसी जनरेट --इनिट' ने तिच्यासाठी धोरणाचा सांगाडा काढला. असा सांगाडा सुरुवातीला परमिसिव्ह असतो, म्हणून तो बसवून महिनाभर तसाच चालू दिला आहे. महिनाअखेरीचा मोठा बॅकअप, म्हणजे नेहमी न चालणारा कोड, एकदा त्यातून गेला की आम्ही दोघं नोंदी घेऊन बसणार आहोत.