लसणाचे वाण पारखायचे, तर आधी वावरात जा

डीएनए नंतर काढा, आधी लसूण नीट गोळा करा, हे मी आमच्या कृषी महाविद्यालयातल्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी सांगते. मेहकरच्या बाजारातला ‘गावरान’ आणि दर्यापूरचा ‘गावरान’ एकच निघू शकतो, अन् एकाच पोत्यात दोन-तीन वाणही सापडू शकतात. लसूण पाकळीनंच लावतात. त्यामुळे तेच बेणं सोयऱ्याधायऱ्यांकडून गावोगाव फिरतं आणि वाटेत नाव बदलतं. म्हणून नमुना कास्तकाराच्या घरूनच घ्या. बेणं कुठून आलं, किती वर्षं राखलंय, हे घरच्या बाईला विचारा. गड्डे निवडून टांगणारी बहुधा तीच असते. सोबत भीमा पर्पल, यमुना सफेद असे माहितीतले वाण हवेतच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

एका गड्ड्याच्या काही पाकळ्या कुंडीत लावा, काही राखून ठेवा. पान एकाच झाडाचं घ्या. चार झाडांची पानं एकत्र कुटली, तर भेसळ आहे की विविधता, हे कधीच कळणार नाही.

कोवळं पान १०० मिलिग्रॅम पुरे. लसणात चिकट शर्करा फार, म्हणून सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं द्रावण) पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ही पान काळं पडू न देणारी रसायनं घाला, मीठ जरा वाढवा, ६५ अंशांवर तासभर ठेवा. मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४:१, म्हणजे प्रथिनं वेगळी होतात. वरचं डीएनएचं पाणी गढूळ दिसलं तर परत एकदा. डीएनए किती शुद्ध हे प्रकाश शोषणावरून मोजतात; त्यातलं २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं म्हणून खूश होऊ नका. २६०/२३० कमी असेल तर शर्करा किंवा दुसरा मळ राहिला असणार, आणि पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढणं) अडू शकतो.

मार्कर, म्हणजे डीएनएतली ओळखखूण, कोणता? आयएसएसआर स्वस्त पडतो, पण माझा कौल एसएसआरला, म्हणजे डीएनएत परत परत येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणेला. तो पुन्हा केला तरी जेलवर तेच पट्टे देतो, आणि दोन्ही अ‍ॅलील (एकाच जागेची दोन रूपं) वेगळे दाखवतो. लसणाचा जीनोम २०२० साली वाचला गेला, तेव्हापासून प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) रचणंही सोपं झालंय. पट्टे मोजताना आहे तर १, नाही तर ०. त्यावरून दोन नमुने किती सारखे हे सांगणारा जॅकार्ड गुणांक काढा, आणि यूपीजीएमए या गट पाडायच्या पद्धतीनं कोण कोणाजवळ ते दाखवणारा वृक्ष मांडा.

दर वेळी एका झाडाचा डीएनए दोनदा, वेगवेगळा काढून चालवा. ते दोघं एकमेकांशी जुळले नाहीत, तर बाकीच्या वृक्षावर विश्वास ठेवू नका. आणि दोन नमुन्यांचे सगळे पट्टे जुळले, तर वहीत ‘एकच वाण’ लिहू नका. ‘या मार्करांनी फरक दिसला नाही’ एवढंच लिहा. एकाच वाणाचा गड्डा विषाणूनं खुरटून किंवा जमिनीमुळे वेगळा दिसू शकतो, म्हणून राखलेल्या निरोगी पाकळ्या पुढच्या हंगामात शेजारी-शेजारी वाफ्यात लावून बघा.