मोठ्या दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र कसे घ्यावे

मृग नक्षत्रातील एम ४२ हा तारे जन्माला घालणारा तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असून आकाशात तो साधारण एक अंश पसरलेला आहे. २,००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला फुल-फ्रेम (३६×२४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा जोडला, तर चौकटीची लांब बाजू जेमतेम एक अंशाची आणि आखूड बाजू त्याहूनही लहान येते. म्हणून अख्खा मेघ टिपण्याचा हट्ट सोडून मध्यभागातील ट्रॅपिझियम या तारकागटाभोवतीचा प्रदेश निवडावा. सबंध मेघच हवा असेल, तर लहान दुर्बीण अधिक सोयीची.

याच दुर्बिणीवर ३.७६ मायक्रोमीटरचा पिक्सेल आकाशाचा ०.३९ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) व्यापतो. हवेच्या अस्थिरतेमुळे तारे दोन आर्कसेकंदांपर्यंत पसरत असतील, तर २×२ बिनिंग (शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून एक मानणे) केल्याने तपशिलाचे फारसे नुकसान होत नाही. दुर्बीण बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी, कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतील जुळणी, तपासावे आणि रात्र थंड होत जाईल तसा फोकस पुन्हा जुळवावा. गाइडिंगसाठी, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर अचूक रोखून ठेवण्यासाठी, ऑफ-अॅक्सिस गाइडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश बाजूला घेणारे उपकरण) वापरावा, कारण वेगळ्या गाइड दुर्बिणीला मुख्य आरशाचे सूक्ष्म सरकणे कळत नाही.

खरी कसोटी एक्स्पोजरची आहे. मेघातील वायूला प्रामुख्याने थीटा-१ ओरायनिस सी या ताऱ्याचे अतिनील किरण आयनीभूत करतात, आणि त्याच्या भोवतीचा भाग इतका तेजस्वी असतो की बाहेरचे फिकट पदर उमटेपर्यंत केंद्र पूर्ण पांढरे पडते. त्यामुळे काही सेकंदांची, मिनिटभराची आणि पाच मिनिटांची अशी वेगवेगळी मालिका घ्यावी. सर्वांत लहान मालिकेत ट्रॅपिझियमचे चार मुख्य तारे सुटे दिसतात का, हे हिस्टोग्रामवर (चित्रातील उजेडाच्या आलेखावर) विसंबून न राहता चित्र मोठे करून पाहावे. चांदण्या रात्री ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर बऱ्यापैकी साथ देतो, ५००.७ नॅनोमीटरच्या ऑक्सिजन फिल्टरला मात्र चंद्रप्रकाश अधिक बाधतो.

फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग दुरुस्त करण्यासाठी एकसमान उजेडात घेतलेली चित्रे) कॅमेरा काढण्यापूर्वीच घ्याव्यात, कारण त्याची दिशा बदलली की धुळीचे डाग जुळत नाहीत. डार्क (झाकण लावून घेतलेली, सेन्सरचा गोंगाट वजा करणारी चित्रे) आणि फ्लॅट लावून झाल्यावर प्रत्येक मालिका स्वतंत्रपणे एकत्र करावी आणि मग मास्क (चित्राचा निवडक भागच बदलू देणारे आवरण) वापरून लहान एक्स्पोजरमधील केंद्र मोठ्या एक्स्पोजरमध्ये मिसळावे. येथे अनेकांचा हात जड होतो आणि केंद्र करडे, सपाट दिसू लागते; तपशील उघडा करतानाही ते भोवतालच्या पदरांपेक्षा स्पष्टपणे उजळच ठेवावे.